काँगोच्या डोक्यावरून जाणारी वीज

काँगो नदी समुद्राला मिळण्यापूर्वी इंगा येथे मोठ्या धबधब्यांच्या रांगेतून कोसळते. तिथल्या धरणांपासून एक उच्चदाब वीजवाहिनी निघते आणि जंगले, पठारे, नद्या ओलांडून सुमारे १,७०० किलोमीटरवरच्या कोलवेझीला, तांब्याच्या खाणींपाशी पोहोचते. १९८२ मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा तिच्या लांबीचे जगभर कौतुक झाले. वाटेत कुठेही वीज उतरवून घेण्याची सोय तिच्यात नव्हती. मनोऱ्यांच्या पायथ्याशी असलेल्या गावांनी चाळीस वर्षे त्या तारा पाहिल्या आणि रात्री चुलीच्या उजेडात जेवण केले. वीज खाणींना गेली, खाणींतले तांबे परदेशी गेले आणि वाहिनीचे प्रचंड कर्ज साऱ्या देशाच्या नावावर चढले.

हा इतिहास आज पुन्हा सांगण्याचे कारण तातडीचे आहे. लोकशाही प्रजासत्ताक काँगो या देशात सध्या जितके रेल्वेमार्ग, बंदरे, धरणे आणि खाणकाम यांचे करार होत आहेत, तितके गेल्या अर्धशतकात झाले नसतील. ४ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिक्स त्शिसेकेदी यांनी रवांडाबरोबरच्या शांतता करारावर सही केली आणि त्याच दिवशी अमेरिकेबरोबर खनिजांविषयीची भागीदारीही मान्य केली. चीनच्या कंपन्या तिथे आधीपासूनच आहेत. युरोप आणि आखाती देश रांगेत आहेत. या करारांची मुदत वीस-तीस वर्षांची असते. आज जे कागदावर येईल तेच आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हयातीतले रस्ते आणि दिवे ठरवेल. आणि आतापर्यंत जे कागदावर आले आहे, त्यात खाणीपासून बंदरापर्यंतचा मार्ग स्पष्ट दिसतो. गावापर्यंतचा दिसत नाही. धोक्याची घंटा वाजवायची ती यासाठी.

देशाचे आकारमान आधी ध्यानात घ्यायला हवे. क्षेत्रफळ २३ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दोन-तृतीयांशांहून मोठे. लोकसंख्या दहा कोटींच्या पुढे. जगातील सुमारे तीन-चतुर्थांश कोबाल्ट इथून निघते आणि तांब्याच्या उत्पादनात या देशाने पेरूला मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला आहे. शिवाय कोल्टन, हिरे, सोने, जस्त. आणि इतके असूनही जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२४ मध्ये चारातले जवळपास तीन जण दिवसाला २.१५ डॉलरपेक्षा कमी पैशांत जगत होते. शंभरातल्या साधारण एकवीस जणांच्या घरी वीज आहे; खेड्यांत तर ती जवळजवळ नाहीच. २०२५ चा या देशाचा अर्थसंकल्प सुमारे १८ अब्ज डॉलरचा होता, म्हणजे रुपयांत दीड लाख कोटींच्या आसपास. त्याच वर्षीचा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. मुंबईसारख्या दोन महापालिका चालतील एवढ्या पैशात दहा कोटींचा, युद्धाने पोळलेला देश चालवायचा आहे. अशा सरकारला रस्ता बांधायचा म्हटले की खनिजे गहाण टाकण्याखेरीज दुसरा मार्ग सुचत नाही, आणि समोरच्या पक्षाला हे पुरते ठाऊक असते.

रस्ता नसणे म्हणजे काय, हे काँगोच्या नकाशापेक्षा तिथल्या बातम्यांतून अधिक कळते. राजधानी किन्शासाहून पूर्वेच्या गोमा शहराला मोटारीने जाता येईल असा धड रस्ता नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो विमानाने जातो. बाकीच्यांना नदी. किन्शासाहून किसांगानीपर्यंतचा जलमार्ग सुमारे १,७०० किलोमीटरचा आहे आणि माणसे, मका, वाळवलेले मासे, कोंबड्या, इंधनाची पिंपे यांनी खच्चून भरलेले तराफे आणि इंजिन बसवलेल्या लाकडी होड्या तो आठवडेच्या आठवडे कापत असतात. प्रवास लांबचा, म्हणून स्वयंपाकही होडीवरच. एप्रिल २०२५ मध्ये म्बांदाकाजवळ अशाच एका होडीला चुलीच्या विस्तवाने आग लागली आणि सुमारे दीडशे माणसे जळून वा बुडून मेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये किवू तलावात गोम्याच्या धक्क्यापासून अगदी जवळ एक होडी उलटली. त्या प्रवाशांनी होडी धरली होती, कारण मिनोवा ते गोमा हा रस्ता लढाईमुळे बंद होता. अशा घटनांना अपघात म्हणून सोडून देण्याची सवय लागली आहे. पण रस्ता असता तर ही माणसे त्या होडीत बसली नसती, हे सत्य कुठल्याही चौकशी अहवालाविना उघड आहे.

राजधानीची दशाही याहून फार निराळी नाही. किन्शासाची वस्ती आता दीड कोटीच्या पुढे गेल्याचे मानले जाते. एवढ्या शहराला समुद्राशी जोडणारा मुख्य रस्ता एकच: मातादी बंदराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १. डिसेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत शंभराहून अधिक लोक दगावले आणि त्याच पावसात हा महामार्ग खचला. शहराचे धान्य आणि इंधन त्या एका रस्त्यावर अवलंबून होते. एप्रिल २०२५ मध्ये न्जिली नदीला पूर आला, विमानतळाचा रस्ता पाण्याखाली गेला आणि पाणीपुरवठा केंद्रे बंद पडल्याने पुरात उभ्या असलेल्या लोकांना प्यायला पाणी राहिले नाही. वाळूच्या टेकड्यांवर गटारांविना वाढलेल्या वस्त्यांत दर पावसाळ्यात नव्या घळी पडतात आणि घरे गिळतात. आणि याच शहरात, जगातील सर्वांत मोठ्या जलविद्युत साठ्यांपैकी एकापासून अडीचशे किलोमीटरवर, बहुतेक घरांत अन्न लाकडी कोळशावर शिजते. त्या कोळशासाठी आसपासची जंगले तुटत चालली आहेत.

हे सारे गरिबीमुळे झाले असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. या देशात पैसा ओतला गेला नाही असे कधीच नव्हते. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या काळात, १८९० ते १८९८ दरम्यान, मातादी ते आजचे किन्शासा हा रेल्वेमार्ग बांधला गेला, हजारो मजुरांचे बळी घेऊन. नदीवरचे धबधबे टाळून रबर आणि हस्तिदंत समुद्रापर्यंत न्यायचे होते. पुढे अंगोलातील लोबितो बंदरापासून बेंगेला रेल्वे काँगोतील कातांगा प्रांतापर्यंत आली ती तांब्यासाठी. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या युरेनियमचा मोठा वाटा कातांगातील शिंकोलोब्वेच्या खाणीतला होता. ३० जून १९६० रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाला जे रूळ आणि रस्ते वारशात मिळाले, ते सगळे बाहेर जाणारे होते. हुकूमशहा मोबुतूंच्या ३२ वर्षांच्या राजवटीत तेही मोडकळीस आले, कारण देखभालीचा पैसा राजवाड्यांत आणि परदेशी खात्यांत गेला.

अलीकडच्या काळातील सर्वांत मोठी शिकवण देणारे प्रकरण सिकोमिन्सचे आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. २००८ मध्ये जोसेफ कबिला यांच्या सरकारने चिनी सरकारी कंपन्यांशी करार केला: कोलवेझीजवळचे तांबे आणि कोबाल्ट त्यांनी काढायचे, त्या बदल्यात तीन अब्ज डॉलरचे रस्ते, इस्पितळे, शाळा बांधायच्या. सिकोमिन्स या संयुक्त कंपनीत चिनी वाटा ६८ टक्के, काँगोचा ३२. खनिजांच्या बदल्यात पायाभूत सुविधा ही कल्पना स्वतःत वाईट नव्हती. रोकड मंत्र्यांच्या हाती न जाता डांबर आणि सिमेंट होऊन उतरेल, असा तिचा युक्तिवाद होता. पण पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, काँगोच्याच सरकारी वित्त तपासणी विभागाने हिशेब मांडला. सुविधांवर प्रत्यक्षात झालेला खर्च ८२ कोटी डॉलरच्या घरात, आणि चिनी पक्षाला मिळालेला फायदा, या विभागाच्या मते, सुमारे दहा अब्ज. चिनी पक्षाने हे आकडे नाकारले. तरी मार्च २०२४ मध्ये करार नव्याने झाला आणि सुविधांचा आकडा सात अब्जांपर्यंत नेण्यात आला; वर्षाला ३२ कोटी ४० लाख डॉलर. मात्र ही रक्कम तांब्याच्या जागतिक भावावर अवलंबून ठेवली गेली. भाव पडला की रस्त्याचा पैसा आटणार. म्हणजे बाजाराची जोखीम खाण चालवणाऱ्याने घ्यायची की कासाईतल्या शेतकऱ्याने, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा शेतकऱ्याच्या विरोधात लिहिले गेले.

विजेच्या बाबतीत हेच अधिक ठळकपणे घडते आहे. इंगा एक १९७२ चे, इंगा दोन १९८२ चे. दोन्ही मिळून क्षमता सुमारे १,७७५ मेगावॅट, आणि त्यातली कित्येक जनित्रे वर्षानुवर्षे बंद किंवा अर्धवट चालत आली. इंगाची एकूण शक्यता ४० हजार मेगावॅटहून अधिक सांगितली जाते, म्हणजे चीनच्या थ्री गॉर्जेसच्या जवळपास दुप्पट. खाणमालकांना वीज हवी असते तेव्हा ती मिळते. कामोआ-काकुला या प्रचंड तांबे प्रकल्पाने इंगा दोनमधील पाचव्या जनित्राच्या दुरुस्तीचा खर्च उचलला, कारण त्यातून मिळणारे १७८ मेगावॅट त्यांना हवे होते. सिकोमिन्सने बुसांगा येथे २४० मेगावॅटचे धरण बांधले ते मुख्यतः स्वतःच्या खाणीसाठी. आता इंगा तीनची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. २०१६ मध्ये यातून अंग काढून घेतलेल्या जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये पहिल्या टप्प्याला २५ कोटी डॉलर मंजूर केले. पण या विजेवर पहिला हक्क सांगणारे कोण? २०१३ च्या करारानुसार २,५०० मेगावॅट दक्षिण आफ्रिकेला द्यायचे आहेत, आणि त्याच्या पाठोपाठ खाणी उभ्या आहेत.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. खाणी आणि दक्षिण आफ्रिका यांच्यासारखे पैसे देऊ शकणारे ग्राहक नसतील तर कुठलीही बँक इंगाला कर्ज देणार नाही. गरीब घरांच्या वीजबिलावर धरण उभे राहत नाही. हे खरे आहे. म्हणूनच घरांची वीज ही दयेची बाब न ठेवता करारात बांधली पाहिजे. खाणीकडे जाणाऱ्या प्रत्येक नव्या वाहिनीवर ठरावीक अंतराने उपकेंद्र, प्रत्येक प्रकल्पाच्या उत्पादनातला ठरलेला वाटा वाटेतल्या गावांना आणि शहरांना, त्याचा खर्च प्रकल्पाच्या मूळ भांडवलात धरलेला. १९८२ मध्ये तंत्र महाग होते असे म्हणता येत होते. आज सौर पॅनेल आणि छोट्या स्थानिक जाळ्यांच्या जमान्यात ती सबब उरलेली नाही. गोमा शहरात आणि विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात छोट्या जलविद्युत आणि सौर प्रकल्पांनी हजारो घरांत दिवे लावून दाखवले आहेत, तेही युद्धाच्या सावलीत.

लोबितो मार्गाविषयीही असेच म्हणावे लागेल. अंगोलातील १,३०० किलोमीटरच्या रेल्वेचा ताबा २०२३ मध्ये तीन कंपन्यांच्या गटाकडे तीस वर्षांसाठी गेला आणि अमेरिकेने त्यासाठी ५५ कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. सीमेपलीकडचे, काँगोतले कोलवेझीपर्यंतचे चारशेहून अधिक किलोमीटर अजून खिळखिळे आहेत. आज तांब्याचे ट्रक कासुम्बालेसाच्या सीमेवर दिवसेंदिवस रांगेत थांबतात, डर्बन किंवा दार-एस-सलामच्या वाटेवर. रेल्वे झाली तर हा त्रास कमी होईल, आणि ती व्हायलाच हवी. पण तिच्यावर प्रवासी डबा असेल का, शेतकऱ्याच्या मक्याला परवडेल असा भाडेदर असेल का, मधल्या स्थानकांवर गोदाम असेल का, हे रेल्वे चालवण्याच्या करारातच लिहावे लागेल. रूळ टाकून झाल्यावर ते कोणी लिहीत नाही.

या सगळ्याला मुदत आहे, हे काँगोच्या राज्यकर्त्यांनी सर्वाधिक ओळखले पाहिजे. कोबाल्टचा भाव कोसळल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने निर्यातच थांबवली आणि १६ ऑक्टोबरपासून कोटा पद्धत आणली: २०२६ आणि २०२७ साठी वर्षाला ९६,६०० टन, म्हणजे २०२४ मधील उत्पादनाच्या निम्म्याहूनही कमी. भाव वर गेला, आणि देशाने प्रथमच आपल्या मक्तेदारीचे वजन वापरले, याचे स्वागत करायला हवे. पण भाव चढला की ग्राहक पर्याय शोधतो. इंडोनेशिया निकेलसोबत कोबाल्ट काढते आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जगातील विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांपैकी क्षमतेने जवळपास निम्म्या आता लोह-फॉस्फेटच्या आहेत आणि त्यांत कोबाल्ट लागतच नाही. आपल्या पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी नेक्सॉन ईव्ही अशाच बॅटरीवर धावते. काँगोच्या हातातला हा पत्ता आज मोलाचा आहे; दहा वर्षांनी तो तसाच राहील याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. सौदा करायचा तो या काही वर्षांतच.

आणि हा सौदा करणारे हात स्वच्छ हवेत. सारा दोष परक्यांवर टाकणे काँगोच्या जनतेशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखालील आफ्रिका प्रोग्रेस पॅनेलने २०१३ मध्ये दाखवून दिले होते की २०१० ते २०१२ या काळातील फक्त पाच खाण व्यवहारांत, मालमत्ता स्वस्तात विकल्याने, देशाचे १ अब्ज ३६ कोटी डॉलर बुडाले. बुकांगा-लोंझो येथे मोठे कृषी उद्यान उभारून भूक मिटवण्याची घोषणा झाली. ते उद्यान ओस पडले आणि त्यातील अपहाराबद्दल माजी पंतप्रधान मताता पोन्यो यांना मे २०२५ मध्ये घटना न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. कायदे कमी नाहीत. २०११ चा हुकूम खाणकराराची प्रत साठ दिवसांत प्रसिद्ध करायला सांगतो. २०१८ च्या खाण संहितेने कोबाल्टवरचे स्वामित्वशुल्क दहा टक्क्यांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली आणि स्वामित्वशुल्कातील १५ टक्के थेट स्थानिक संस्थांना, २५ टक्के प्रांतांना आणि १० टक्के पुढच्या पिढ्यांच्या निधीला राखून ठेवले. १४५ तालुक्यांत शाळा, दवाखाने आणि रस्ते बांधण्याचा कार्यक्रमही त्शिसेकेदी सरकारने जाहीर केला. दिशा बरोबर आहे. पण कामे रखडलेली आहेत आणि कोलवेझीच्या कासुलो वस्तीत लोकांनी आपल्या घरांच्या जमिनी खणून कोबाल्ट शोधले, यावरून खाणींचा पैसा सामान्याच्या पदरी कितपत पडतो ते समजते. हाताने खणणाऱ्या मजुरांच्या अंगावर खाणी कोसळण्याच्या बातम्या थांबत नाहीत.

पूर्वेतील युद्धही या अर्थकारणापासून वेगळे काढता येत नाही. रवांडाच्या पाठबळावर लढणाऱ्या एम-२३ या बंडखोर गटाने जानेवारी २०२५ मध्ये गोमा आणि पुढच्या महिन्यात बुकावू घेतले. त्याआधीच रुबायाच्या कोल्टन खाणी त्यांच्या ताब्यात गेल्या होत्या. कोल्टनमधून मिळणाऱ्या टँटलम धातूचा जगातील सुमारे १५ टक्के पुरवठा तिथून होतो आणि तिथल्या मालावर ते कर वसूल करतात. वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्यावर आठवडाही उलटला नव्हता, तोच ते उविरा शहरात शिरले. सत्तर लाखांहून अधिक लोक देशातच विस्थापित आहेत. जिथे सरकारचा रस्ता पोहोचत नाही तिथे बंदूकधाऱ्याचा नाका पोहोचतो, आणि त्या नाक्यावरचा कर ही तिथली एकमेव नियमित वसुली ठरते.

भारताचा या देशाशी संबंध जुना आहे आणि रक्ताचा आहे. डिसेंबर १९६१ मध्ये एलिझाबेथव्हिल, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीत, संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतून लढताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले. जुलै २०२२ मध्ये बुतेम्बो येथे सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. आता आपल्यालाही तांबे आणि कोबाल्ट हवे आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने १६,३०० कोटींचे राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियान मंजूर केले ते त्यासाठीच. भारतीय कंपन्या काँगोत जातील, जायलाही हव्यात. पण त्याआधी काटेंडेची आठवण ठेवावी. कासाई मध्य प्रांतातला हा ६४ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर दीड दशकापूर्वी हाती घेतला गेला. कनांगासारख्या, दहा लाखांवर वस्तीच्या आणि विजेविना राहिलेल्या शहराला त्यातून दिवे मिळायचे होते. प्रांतातील हिंसाचार आणि दिरंगाई यांत तो वर्षानुवर्षे लोंबकळला. त्याचे कर्ज मात्र काँगोच्या वहीत आहे.

म्हणून दिल्लीकडे आमची मागणी स्पष्ट आहे. काटेंडेची वीज कनांगाच्या घराघरांत पोहोचेपर्यंत ते काम आपले आहे असे भारताने मानावे. काँगोतील खनिजांसाठी भारत जो कुठला करार करेल, तो दोन्ही देशांच्या जनतेला वाचता येईल असा प्रसिद्ध करावा, आणि त्यात वाटेतल्या गावांची वीज, पाणी आणि रस्ता यांचा वाटा आकड्यांत लिहावा. किन्शासाने हीच अट अमेरिका, चीन आणि युरोप यांच्यापुढे ठेवावी, आणि जो ती मान्य करणार नाही त्याच्या करारावर सही करू नये.